पाहुणा सूत्रधार

मनमाडहून छत्रपती संभाजीनगराकडे जाणाऱ्या लोहमार्गावर लासूर स्टेशन ह्या नावाचे गाव आहे. मूळचे लासूरगाव तेथून जवळच शिवना नदीच्या काठी, दाक्षायणी देवीच्या आश्रयाने वसलेले. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या राज्यातून ही आगगाडी धावू लागली, तिच्या थांब्याभोवती पेठ वाढली, आणि त्या पेठेला जे नाव पडले त्यातला पहिला शब्द घरचा होता, दुसरा सातासमुद्रापलीकडून आलेला. आज लग्नपत्रिकेत, सातबाऱ्यावर, आडत दुकानाच्या पाटीवर हे दोन शब्द शेजारी शेजारी नांदतात, आणि त्यांतला कोणता आपला व कोणता परका असा प्रश्न बाजारास आलेल्या एकाही शेतकऱ्याच्या मनात येत नाही. पाहुणा घरात कसा मुरतो ह्याचे इतके सोपे उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

हे उदाहरण आठवण्याचे कारण नाटकाचे आहे. युरोपातील एखादा नामांकित दिग्दर्शक इकडे येणार, येथील नटांना घेऊन तिकडचे एखादे गाजलेले संगीत नाटक बसविणार, अशी वार्ता आली म्हणजे रसिकांत तत्काळ दोन तट पडतात. एका तटाचे म्हणणे असे की, आता खरे नाटक पाहावयास मिळेल. इतके दिवस जे पाहिले ती केवळ हौस होती. दुसरा तट म्हणतो, ज्याला आपल्या भाषेचे एक अक्षर उमजत नाही, ज्याच्या कानावर कधी ओवी पडली नाही की लावणी पडली नाही, तो आपल्या नटांकडून काय गाऊन घेणार? पहिल्या तटाचा निकाल पडदा वर जाण्यापूर्वीच लागलेला असतो, आणि दुसऱ्याचाही. दोघांनाही नाटक पाहण्याची तशी गरज उरलेली नसते. वस्तुतः अशा प्रयोगाची वाट कशी पाहावी, ही स्वतंत्रपणे शिकण्याची गोष्ट आहे. आणि ती शिकविण्यास महाराष्ट्राच्याच रंगभूमीचा इतिहास पुरेसा आहे.

ह्या जातीच्या संगीत नाटकांत 'थ्री पेनी ऑपेरा', म्हणजे तीन पैशांचे संगीतक, ह्याचे नाव अग्रभागी येते. त्याची कुळकथा दोनशे वर्षे मागे जाते. इ. स. १७२८च्या जानेवारीत लंडन शहरी जॉन गे ह्या कवीने 'भिकाऱ्यांचे संगीतक' रंगभूमीवर आणले. त्या काळी इटालियन संगीतकांचा थाट मोठा. देव, राजे व वीर उंच स्वरांत गात, आणि त्यांचे शब्द श्रोत्यांना कळत नसत. गे ह्याने त्यांच्या जागी चोर, भिकारी आणि तुरुंगाचे अधिकारी उभे केले, आणि त्यांच्या तोंडी रस्त्यावर गायिल्या जाणाऱ्या चाली घातल्या. पहिल्याच हंगामात त्याचे ६२ प्रयोग झाले. पुढे बरोबर दोनशे वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९२८ रोजी, बर्लिन येथे बर्टोल्ट ब्रेख्त ह्या नाटककाराने तीच कथा नव्याने मांडली. मूळ इंग्रजीवरून तिचे जर्मन भाषांतर एलिझाबेथ हाउप्टमान ह्या विदुषीने केले होते, आणि संगीत कुर्ट वाइल ह्याचे होते. तालमी इतक्या विस्कळीत झाल्या होत्या की, नाटक पडणार अशी नाट्यगृहातील बहुतेकांची खात्री होऊन चुकली होती. पण नाटक पडले नाही. काही वर्षांतच ते युरोपभर पसरले. प्रयोगाविषयी आधी बांधलेल्या अटकळी किती फोल ठरतात, ह्याचे प्रत्यंतर ह्या नाटकाने आपल्या जन्मदिवशीच दिले.

कथा थोडक्यात अशी. लंडनमध्ये पीचम नावाचा एक व्यापारी आहे. त्याचा माल म्हणजे दया. तो भिकाऱ्यांना फाटके कपडे, कुबड्या व खोटी व्यंगे भाड्याने देतो आणि त्यांच्या कमाईत वाटा घेतो. त्याची मुलगी पॉली शहरातील अट्टल दरोडेखोर मॅकहीथ ह्याच्याशी गुपचूप लग्न लावते. शहराचा पोलीस प्रमुख त्या दरोडेखोराचा पलटणीतला जुना सोबती. त्यामुळे कायदा व गुन्हा एकाच पंगतीत जेवतात. अखेर विश्वासघात होऊन मॅकहीथ फासापर्यंत पोहोचतो, आणि नेमक्या त्या क्षणी राणीचा दूत येऊन त्याला माफी देतो. इतकेच नव्हे, तर सरदारकी व वर्षासन बहाल करतो. नाटककार जणू प्रेक्षकांस विचारतो की, नाटकात असा दूत वेळेवर येतो, पण गरिबाच्या घरी तो कधी आल्याचे कोणी पाहिले आहे काय?

ह्या नाटकातील गाणे मात्र मराठी रसिकाला प्रथमदर्शनी बुचकळ्यात पाडते. मराठी संगीत नाटकात पद हे भावनेचे शिखर असते. संवाद चढत चढत जातो आणि शब्द अपुरे पडले की सूर लागतो. ब्रेख्तच्या नाटकात याच्या उलट घडते. तेथे गाणे कथेचा ओघ मुद्दाम तोडते. दिवे बदलतात, नट पुढे येतो, आपल्या भूमिकेतून किंचित बाजूला सरतो, आणि घडलेल्या गोष्टीवर गाण्यातून भाष्य करतो. प्रेक्षकाने रडत बसू नये, सावध होऊन विचार करावा, हा त्यातला हेतू. वाइलने ह्यासाठी मोठा वाद्यवृंद घेतला नाही. अवघ्या सात वादकांचा ताफा आलटून पालटून अनेक वाद्ये वाजवीत असे, आणि गाण्यासाठी कसलेल्या गवयांऐवजी शब्द स्पष्ट टाकणारे नट निवडले होते.

परंतु हा प्रकार महाराष्ट्राला खरोखरच नवा आहे काय? जत्रेतल्या तमाशाची आठवण ज्याला आहे त्याने उत्तर द्यावे. गण व गौळण आटोपली की बतावणी सुरू होते, मग वग. वगात सोंगाड्या राजाच्या दरबारात उभा असतो, पण बोलतो समोर मातीत बसलेल्या लोकांशी. राजाचा हुकूम चाललेला असतानाच तो गावच्या सावकाराला चिमटा काढतो, अन् पुन्हा निमूटपणे प्रधानापुढे हात जोडतो. लोक हसतात, आणि हसता हसता त्यांना आपल्याच गावचा कारभार दिसू लागतो. भूमिकेत राहून भूमिकेबाहेर येण्याची ही किमया बर्लिनच्या पंडितांनी शास्त्र म्हणून मांडली. सोंगाड्याने ती केवळ पोटासाठी जोपासली. एवढेच कशाला, बालगंधर्वांच्या काळी 'वन्स मोअर'चा गजर करून प्रेक्षक स्वतःच कथेचा ओघ थांबवीत असत, आणि विरहाने व्याकूळ झालेली नायिका तेच पद पुन्हा नव्या ताना घेऊन गात असे! भेद इतकाच की, तेथे कथा थांबे ती सुरांच्या सुखासाठी. ब्रेख्त ती थांबवितो विचारासाठी.

मराठी रंगभूमीला पाहुण्यांचे वावडे कधीच नव्हते. किंबहुना तिचा जन्मच पाहुण्यांच्या येण्याने झाला. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले. ते पाहून, तेथील अधिपती चिंतामणराव पटवर्धन ह्यांच्या प्रोत्साहनाने विष्णुदास भावे ह्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले. भाव्यांच्या नाटकांत पदे सूत्रधार गात असे, आणि पात्रे त्याबरहुकूम अभिनय करीत. पुढे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात पारशी मंडळीचा 'इंद्रसभा' हा खेळ पाहिला व तेथून त्यांना संगीत नाटकाची प्रेरणा मिळाली, असे सांगतात. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबर रोजी त्यांच्या 'शाकुंतला'चे पहिले चार अंक पुणेकरांनी पाहिले. आता सूत्रधाराच्या गळ्यातले गाणे पात्रांच्या गळ्यात आले होते. पण ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. अण्णासाहेबांनी पाहिले पारशी, आणि रचले काय? साकी, दिंडी, कामदा, कीर्तनाच्या चाली, लावणीची वळणे. पाहुण्याकडून त्यांनी धाडस तेवढे घेतले. गाण्याचा शिधा घरच्याच कोठीतून काढला.

'शाकुंतला'चे नाव निघाले म्हणून आणखी एक योगायोग सांगितला पाहिजे. सर विल्यम जोन्स ह्यांनी १७८९ साली ह्या नाटकाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, आणि त्यावरून १७९१ साली गेओर्ग फोर्स्टर ह्याने ते जर्मन भाषेत नेले. ते वाचून वायमार नगरीत राहणारा महाकवी गटे इतका हर्षित झाला की, त्याने शकुंतलेच्या स्तुतीची कविता रचली. संस्कृत नाटकात कथेपूर्वी सूत्रधार येऊन नटीशी बोलतो, हा प्रघातही त्याच्या मनात ठसला. त्याच्या 'फाउस्ट'च्या आरंभी रंगभूमीवरील जो पूर्वप्रवेश आहे, त्याचे मूळ विद्वान ह्याच सूत्रधारात शोधतात. याप्रमाणे भारताचा सूत्रधार वायमारला जाऊन राहिला. आणि सुमारे पावणेदोनशे वर्षांनी त्याच वायमारच्या राष्ट्रीय नाट्यगृहातून एक दिग्दर्शक भारतात आला.

त्यांचे नाव फ्रिट्स बेनेविट्स. १९२६ साली केम्निट्स येथे जन्मलेले हे गृहस्थ १९७० साली प्रथम भारतात आले, ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात तीन पैशांचे संगीतक बसविण्यासाठी. विद्यालयाची धुरा तेव्हा इब्राहिम अल्काझी ह्यांच्याकडे होती. प्रयोगाचे हिंदुस्थानी नाव होते 'तीन टके का स्वांग'. ह्या भेटीमागे राजकारणाची झालर होती, हेही सांगून टाकणे बरे. पूर्व जर्मनीला भारताने तोवर पूर्ण राजनैतिक मान्यता दिली नव्हती. ती १९७२ साली मिळाली. जेथे वकील पाठविता येत नव्हता, तेथे ते राज्य नाटककार व संगीतकार पाठवीत असे. पाहुण्याच्या सामानात त्याच्या सरकारचीही एक पेटी असते, ही जाणीव यजमानाने ठेवावी. पण तेवढ्यासाठी पाहुण्याला दारातून परत पाठवू नये. पूर्व जर्मनी १९९० साली लयास गेली. बेनेविट्स मात्र १९९५ साली मृत्यू येईपर्यंत भारतात पुनःपुन्हा येत राहिले. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, भोपाळ अशा नगरींत त्यांनी नाटके बसविली. कलकत्त्यात तर शंभू मित्र ह्यांच्यासारखा थोर नट त्यांच्या दिग्दर्शनाखाली गॅलिलिओ म्हणून उभा राहिला.

ह्यांपैकी बहुतेक भाषा बेनेविट्स ह्यांना अवगत नव्हत्या. मग काम चालले कसे? येथील दिग्दर्शकाला, लेखकाला, संगीतकाराला बरोबरीने घेऊन. मुंबईत १९७०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत विजया मेहता ह्यांच्यासह त्यांनी ब्रेख्तचेच दुसरे नाटक मराठीत आणले. त्याचे नाव 'अजब न्याय वर्तुळाचा'. मराठी रूप चिं. त्र्यं. खानोलकरांचे होते. ज्या कवीच्या शब्दांत कोकणची लाल माती व समुद्राचा वारा भरलेला, त्याच्या हाती कॉकेशसच्या डोंगरातली कथा सोपविली गेली. मूळ नाटकात कथा गाऊन सांगणारा एक गायक आहे. मराठीत येताना त्याला दूर जावे लागले नाही. विष्णुदास भाव्यांचा सूत्रधार त्याची वाट पाहत उभाच होता.

त्या नाटकाची कथाच प्रस्तुत प्रश्नाचे उत्तर देते. बंडाळीत राज्यपालाची पत्नी आपले तान्हे मूल टाकून पळते. ग्रुशा नावाची मोलकरीण ते उचलते, डोंगर ओलांडते, उपासमार सोसते, आणि त्याला वाढविते. शांतता झाल्यावर जन्मदात्री मूल परत मागते, कारण वारसाहक्काची इस्टेट त्या मुलाशी बांधलेली असते. न्यायाधीश खडूने जमिनीवर वर्तुळ काढतो, मुलाला मध्ये उभे करतो व सांगतो की, दोघींनी दोन बाजूंनी ओढावे. जी बाहेर काढील तिचे मूल. जन्मदात्री ओढते. मोलकरीण हात सोडून देते, कारण मुलाचे हात उखडतील हे तिला पाहवत नाही. मूल तिला मिळते. ब्रेख्तने ही कल्पना एका जुन्या चिनी नाटकावरून घेतली. पण भारतीय जातककथांतही महोसध पंडित जमिनीवर रेघ ओढून असाच निवाडा करतो. म्हणजे पाहुण्याने आणलेल्या पेटीत घरचेच एक जुने वस्त्र निघाले!

जर्मन नाटक मराठीत आले म्हणजे ते कोणाचे? ज्याने मूळ लिहिले त्याचे, की ज्यांनी गाऊन वाढविले त्यांचे? दिग्दर्शक एका बाजूने ओढू लागला की माझ्या देशात हे असेच गातात, आणि नट दुसऱ्या बाजूने ओढू लागला की आमच्याकडे असेच रंगते, तर मध्ये उभे असलेले नाटक फाटणार हे निश्चित. अशा वेळी आपला हट्ट जो सोडतो, तोच त्या नाटकाचा खरा पालक. आणि हात सोडणे म्हणजे हार नव्हे, हे ग्रुशाने दाखविले आहे.

संगीताच्या बाबतीत ही कसोटी फार कठीण असते. जर्मन भाषेत शब्दावर आघात पडतो. मराठी पद मात्रांच्या व अक्षरांच्या लांबीवर चालते. वाइलची चाल तशीच ठेवून तिच्यात मराठी शब्द कोंबले, तर ऱ्हस्व अक्षरे ताणली जातात, दीर्घ अक्षरे चेपली जातात, आणि मायबोली परकी वाटू लागते. चाल टाकून दिली, तर ज्या सुरांनी नाटक जगभर ओळखले जाते तेच हरपतात. दोन्हीकडे काहीतरी गमवावे लागते, आणि काय गमवावे हे ठरविण्यातच दिग्दर्शकाची परीक्षा असते.

पुढे १९७८ साली पु. ल. देशपांडे ह्यांनी हेच नाटक 'तीन पैशाचा तमाशा' ह्या नावाने मराठीत आणले. पुण्याच्या थिएटर अकॅडमीने, जब्बार पटेल ह्यांच्या दिग्दर्शनाखाली, त्याचे प्रयोग केले. देशपांडे स्वतः उत्तम पेटीवादक व गाण्याचे जाणकार. त्यांनी नावातच निकाल दिला: 'संगीतक' गेले, 'तमाशा' आला. संगीत नव्याने बांधले गेले. त्यात नाट्यपदाचे वळण होते, तमाशाचा बाज होता, आणि नायकाच्या भूमिकेत नंदू भेंडे ह्या पाश्चात्त्य ढंगाच्या गायकाला घेऊन नव्या पिढीच्या सुरांनाही जागा दिली होती. ह्या वेळी दिग्दर्शक परदेशी नव्हता. पाहुणा येऊन गेल्यानंतर घरच्या माणसांना आपल्याच कोठीतल्या वस्तू नव्याने वापराव्याशा वाटल्या, हे पाहुणचाराचे सर्वांत मोठे फळ होय.

आणि हा रस्ता एकेरी राहिला नाही. विजया मेहता ह्यांनी जर्मनीत जाऊन तेथील नटांकडून लाइप्झिग येथे 'शाकुंतल' व वायमार येथे 'हयवदन' बसविले. त्या वेळी भाषा न जाणणारा दिग्दर्शक भारतीय होता, आणि काळजीत पडलेला प्रेक्षक जर्मन. परक्याला आपले काय कळणार, हा प्रश्न तेथेही कोणी विचारला असेलच. त्याचे उत्तर तेथेही रंगभूमीवरच मिळाले.

तेव्हा असा पाहुणा पुन्हा येईल तेव्हा रसिकाने काय करावे? पहिली गोष्ट, नाटकाची कथा आधी वाचून घ्यावी. 'सौभद्र' पाहावयास जाणाऱ्यांना सुभद्रेचे लग्न कोणाशी होणार हे ठाऊक होते. म्हणून त्यांचे सगळे लक्ष ते कसे होते, कसे गायिले जाते, इकडे राही. दुसरी गोष्ट, पाहुणा किती मोठा आहे हे विचारण्याऐवजी त्याने बरोबर कोणाला घेतले आहे, हे विचारावे. शब्द कोणत्या कवीचे, चाली कोणाच्या, तालमीत शेजारी कोण बसते. प्रयोगाचे अर्धे भवितव्य ह्या उत्तरांत असते. तिसरी गोष्ट, गाण्याचे शब्द ऐकावेत. केवळ ताना मोजणाऱ्याला हे नाटक रुक्ष वाटेल. शब्द ऐकणाऱ्याला ते बोचेल, आणि बोचावे हीच त्याच्या कर्त्याची इच्छा होती.

खेड्यापाड्यांतून तमाशाचे तंबू विरळ होत चालले, संगीत नाटकाचे प्रयोगही मोजके उरले. एखाद्या परदेशी दिग्दर्शकाने सोंगाड्याची चौकशी करावी, आणि त्याला दाखविण्यास सोंगाडी उरू नये, ही खरी भीतीची गोष्ट आहे. पाहुणा घर लुटून नेईल ह्या भयापेक्षा, पाहुण्यापुढे ठेवण्यास घरात काही उरणार नाही, हे भय अधिक खरे आहे. ढोलकी वाजविणारा हात, ओवी म्हणणारा गळा, वगातला हजरजबाबीपणा ही शिदोरी शिल्लक असेल, तर बर्लिनहून कोणीही येवो. तो येथल्या मातीत मुरेल.

लासूरच्या फलाटावर गाडी थांबते, कोणी उतरते, कोणी चढते. गावच्या नावातला दुसरा शब्द ज्यांनी आणला, ते केव्हाच निघून गेले. शब्द मात्र राहिला, कारण त्याला कवटाळून बसण्यासाठी गावाने आपला पहिला शब्द टाकून दिला नाही.